डाव्या अस्तराखाली

दार लोटून घ्या आणि तो फोन आधी पालथा ठेव. ऐकीव गोष्टी मी सांगत नाही. ज्याच्यावर बेतली तो शिंपी माझा मित्र, आणि कोट माझा. हा काय, खुंटीला आहे. आत्ता नको, हात नंतर लावा.

गेल्या जानेवारीची एकोणीस तारीख, सोमवार. रात्री साडेनऊला दुकानाचं शटर ओढून शिंपी निघाला तो गावाबाहेरच्या पंपघराकडे. तिथे माझी रात्रपाळी असायची. काम साधंच होतं. दीड वर्षापूर्वी मला शिवून दिलेला कोट परत न्यायचा.

हसू नकोस. शिवलेला कोट परत मागणारा शिंपी मीही दुसरा पाहिला नाही. त्याला सगळे दीडइंच म्हणायचे. लहान मुलांच्या कपड्यांत तो शिवणीला दोन्ही अंगांनी दीड-दीड इंच जादा कापड, त्याला माया म्हणतात, आत ठेवायचा, म्हणजे पोर वाढलं की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो.

तर त्या जानेवारीच्या दीड वर्ष आधी त्याच्या बायकोला दिवस गेले होते. पाचवा महिना लागला आणि... राहिलं नाही. शाळेच्या गणवेशांची घाई होती. ती पायमशीनवर बसलेली. कंबर धरून म्हणाली, "बरं वाटत नाहीये हो." आणि हा म्हणाला, "एवढे चार उरकू, मग पड जरा." तिने चारही उरकले. डॉक्टरीणबाईंनी नंतर दहादा सांगितलं, मशीनचा याच्याशी काही संबंध नाही, यात कुणाचा दोष नसतो. पण याच्या डोक्यात ते शिरेल तर शपथ! ते चार गणवेश याच्या मानगुटीवर बसले ते बसलेच.

एक झबलं शिवून तयार होतं. पांढरं, छाती अठरा इंच. याला ते जाळवेना, ठेववेना, टाकवेना. टेबलावर माझा कोट अर्धा शिवून पडला होता. मग शिंप्यालाच सुचेल असं त्याने केलं. झबल्याची घडी घातली, कोटाच्या डाव्या अस्तराखाली सरकवली आणि शिवून टाकलं. बायकोला सांगितलं, जाळलं.

त्या सोमवारी संध्याकाळी ती दुकानात आली. "डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या त्याला वर्ष होत आलं. मला पुन्हा बाळ हवंय. आणि तुम्ही कामाचं निमित्त करून इथे टेबलावर झोपता. माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"तुझ्यावर? अगं, माझ्यामुळेच तर..." पुढे त्याला बोलवेना. झबल्याचं मात्र सांगून बसला.

ती म्हणाली, "परक्याच्या अंगावर? इतके दिवस? आधी ते घरी आणा. मग पुढचं."

पंपघरात मी कोट काढून दिला. विचारलं, "यात डावीकडे काय घातलंयस रे? ऊब आहे चांगली. पण रात्री पंप बंद केला की आत... धडधडतं. बारीक, भरभर. दोनदा हृदय तपासून आलो. ठणठणीत आहे."

तो कोटाची घडी घालून तसाच निघाला. पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, मान वर न करता.

दोन किलोमीटर रस्ता, कडेने पाण्याची पाइपलाइन. पहिल्या वळणापर्यंत कोट कोटाइतकाच जड होता. पुलापाशी हात भरून आला. त्याने हात बदलला. मग कोट खांद्यावर टाकला.

खांदा गरम झाला.

तो चालत राहिला. मानेपाशी काहीतरी... श्वासासारखं. आत. बाहेर. आत. वळून बघायची छाती होईना.

मग त्याच्या लक्षात आलं. त्याचा हात कोट थोपटत होता. केव्हापासून, कोण जाणे.

"चुकलो रे," तो म्हणाला. "तिला उठवायला हवं होतं मशीनवरून. मी... नाही उठवलं."

काही नाही. पाइपातलं पाणीसुद्धा गप्प.

"आणि तुलाही टाकलं..."

त्याच्या शर्टाची कॉलर गच्च धरली गेली. मागून. इवल्याशा मुठीने.

तो पळाला नाही. पोर खांद्यावर असताना माणूस पळत नाही. हळूहळू चालत घरी आला.

बायको जागीच होती. दिव्याखाली त्याने अस्तर पाहिलं. शिवण त्याचीच, जशीच्या तशी. ती उसवली. झबलं हातात घेऊन बायको म्हणाली, "हे मोठं कसं?"

त्याने टेप लावली. एकवीस.

तिने बोटांवर महिने मोजले. "असतं तर आता तेरा-चौदा महिन्यांचं..." तो तिच्या पायांशी बसून ओक्साबोक्शी रडला. चार गणवेशांचं सगळं बोलला. तिने झबलं दोन उशांच्या मधे ठेवलं. "आता हे इथेच झोपेल. आणि तुम्हीही."

त्यांना मुलगी झालीय, गेल्याच महिन्यात. धाकटी म्हणतात तिला.

झबलं मी स्वतः पाहिलंय. अठराच्या जुन्या शिवणीची भोकं अजून दिसतात. ती उसवून कुणीतरी पुढे, मायेच्या अगदी कडेला, हाताने नवी शिवण घातलीय. इवले इवले टाके. दोरा राखाडी, माझ्या कोटाचा.

अस्तर पुन्हा शिवून त्याने कोट मला परत दिला, आणि बाकी कोटातला एकही टाका कमी झालेला नाही. लावा आता हात. मोजा.