सातवी कोंबडी

हसणार नसाल तर सांगतो. नागभीडकडच्या एका गावात बर्ड फ्लू आला, तेव्हा घरोघरच्या कोंबड्या मारून पुरायचं काम आमच्या पशुवैद्यकीय पथकाकडे होतं. तिसरा दिवस. पांढऱ्या किटमध्ये घामानं निथळत मी इतका थकलो होतो की कुणाच्या रडण्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

शेवटचं घर अंजनाबाईंचं. बाई एकट्याच. टोपल्याखाली एक ठिपक्यांची, लंगडी कोंबडी.

"एवढी राहू द्या ना जी, भाऊ. मयुरीनं पोसली हाये."

मयुरी त्यांची लेक. नागपूरला चित्रकला शिकायची, दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. तिनं जस्ताच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेलं चित्र भिंतीवर काचेत होतं. धानाची बांधी, मोहाचं झाड, सहा कोंबड्या, आणि बांधावर बसून दाणे टाकणारी ती स्वतः.

एक कोंबडी सुटली की रोग सुटला, हे मीच गावभर सांगत फिरलो होतो. पण हात उचलवेना.

"पाणी पिऊन येतो," मी म्हणालो. "आल्यावर ती मला दिसली नाही पाहिजे."

परतलो तेव्हा टोपलं रिकामं.

"कुठे लपवली?"

"मयुरीपाशी देल्ली..." त्या हळूच म्हणाल्या.

चित्रात सात कोंबड्या होत्या. सातवी एक पाय आखडून उभी. ओल्या शाईचा वास येत होता. थकल्या डोळ्यांना काहीही दिसतं, अशी मनाची समजूत घालून मी कागदावर 'पक्षी नाहीत' लिहिलं आणि निघालो.

आठ दिवसांनी तपासणीला गेलो, भर दुपारी. अंजनाबाई हातात फडकं घेऊन चित्रासमोर बसल्या होत्या. चित्रातल्या सातही कोंबड्या आडव्या पडलेल्या, माना वाकड्या. बांधावर कुणी नव्हतं. मयुरी मोहाखाली अंग मुडपून निजली होती.

ते टोपलं त्याच दिवशी उचललं असतं तर...

"भाऊ," अंजनाबाईंनी मान न वळवता विचारलं, "हा रोग मानसाले लागते का जी?"

"नाही लागत," मी खोटं बोललो.

त्यांनी काच पुसली. परत पुसली. मयुरीच्या तोंडाजवळचा धुरकट डाग काही जाईना. जवळ जाऊन पाहिलं. वाफ काचेच्या आतून धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. दर वेळी जरा उशिरानं.