परतीची पेटी

हेमलता परत येणार नाही, हे मेरुवस्तीत न्याहारीच्या वेळी कळलं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या वस्तीतून बाहेर कामाला जाणारे पाठीवर हवेच्या पेट्या बांधून जात. शेवटची पेटी परतीची. तिच्यावर काम करायचं नाही, ही तिथली शिस्त होती. हेमलताच्या सगळ्या पेट्या रिकाम्या निघाल्या. चौकशी समितीने निकाल दिला, की तिने परतीची पेटी कामावर खर्च केली.

तिची धाकटी बहीण निर्मला वस्तीची खानावळ चालवायची. ती हेमलताच्या नवऱ्यापुढे, विश्रामपुढे, येऊन बसली.

"भावोजी, ताई अशी होती का हो? रत्नागिरीला असताना गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून मागे फिरायची. मी किती चिडवायचे तिला."

उरलेल्या पेट्यांचा आकडा मनगटावर दाखवणाऱ्या श्वासगणकाचा प्रोग्राम विश्रामने लिहिला होता.

"मनगटावरचा आकडा चुकू शकतो?" तिने विचारलं.

"समज, मी तुला म्हटलं, डब्यातली एक वडी उचल आणि डब्यात वड्या किती ते सांग. तू काय करशील?"

"उचलेन, मग मोजेन."

"दुसरी कुणी आधी मोजेल, मग उचलेल. तिचा आकडा एकने जास्त येईल. आणि दोघींनीही सांगितलेलंच केलं."

"मग आधी उचल, मग मोज, असं सांगायचं. तोंड दुखतं का?"

प्रोग्राममध्येही असंच होतं. एकाच ओळीत एखादी संख्या कमी करायची आणि तीच वापरायचीही, तर आधी काय, हे काही भाषांचे नियम ठरवतच नाहीत. आपली ओळ यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ते आपल्या सोयीने ठरवतो. विश्रामला दोन ओळींचं काम एका ओळीत बसवायची हौस होती. मित्र वाहवा करत. जुन्या पोशाखांसाठीचा कंपायलर आधी पेटी कमी करायचा, मग आकडा दाखवायचा. हेमलताच्या नव्या पोशाखासाठीचा आधी आकडा घ्यायचा. ती शेवटच्या पेटीवर श्वास घेत होती आणि मनगटावर अजून एक शिल्लक दिसत होती. ती काम करत राहिली. हे विश्रामला निकालानंतर समजलं.

"म्हणजे ताईची चूक नव्हती?" निर्मलाने विचारलं. "आकड्याचं ते कुणी लिहिलं?"

"मी वडीचं उदाहरण दिलं फक्त. तसं झालंच असं नाही," विश्राम म्हणाला.

निर्मला उठली. "जेवून जा, भावोजी. ताई असती तर रागावली असती."

तो जेवला. मग त्याने त्या ओळीच्या दोन ओळी केल्या आणि नेहमीची सुधारणा म्हणून सगळ्या पोशाखांत पाठवून दिल्या. कुणी काही विचारलं नाही. आता बाहेर जाणारी माणसं सुखरूप परततात. नव्याने येणाऱ्यांना शिस्त शिकवताना शिक्षक हेमलताचं नाव घेतात, असं वागू नका म्हणून सांगतात. विश्राम एकदा त्या वर्गाच्या दारापर्यंत गेला होता.

समितीला आणि निर्मलाला त्याने अजून सांगितलेलं नाही.