खोडलेलं पान

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. तिने ती मला एकदाच सांगितली. पुन्हा कधी विषयसुद्धा काढू दिला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र हवी, असं तुम्हाला वाटेल.

रात्र नव्हती. भर दुपार होती. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या स्टुडिओत मावशी एकटीच काम करत होती.

एकटीच... असं तिला वाटत होतं.

मावशी डिझायनर. स्टुडिओ तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून काढलेला. मैत्रिणीला सगळे ‘पेन्सिल’ म्हणायचे. ती अंबाड्यात पेन्सिल खोचायची आणि मग तीच पेन्सिल खोलीभर शोधत फिरायची. कॉम्प्युटर मावशीचा, कागद तिचा, अशी वाटणी. स्टुडिओचा लोगो तिनेच हाताने काढला होता. एक देठ आणि त्याला दोन पानं.

“डावं तुझं, उजवं माझं,” ती म्हणाली होती.

मग पेन्सिल आजारी पडली. मावशीने काय नाही केलं? तिला चमच्याने भरवलं, तिचे कपडे धुतले, दवाखान्यात तिच्या उशाशी बसून कामं उरकली. तरी ती गेली. मावशीने तिचं टेबल तसंच ठेवलं. रोज पुसायची, पण तिथे कुणाला बसू द्यायची नाही.

वर्षभराने स्टुडिओची पाटी बदलायची ठरली. पाटी करणारा म्हणाला, “ताई, हा लोगो मोठा केला की फाटतोय. व्हेक्टर करून द्या.”

म्हणजे जुन्या कागदाच्या स्कॅनवर कॉम्प्युटरने नवी रेघ ओढायची. डाग, सुरकुत्या, हाताची थरथर सगळं मागे टाकायचं. मग चित्र भिंतीएवढं केलं तरी कड स्वच्छ राहते.

मावशीने आधी देठ काढला. मग उजवं पान. ते काढताना तिचे डोळे भरून आले. शेवटी डावं पान काढलं, फाइल सेव्ह केली आणि ती चहा करायला आतल्या ओट्याकडे गेली.

कप घेऊन परत आली, तर स्क्रीनवर एकच पान.

डावं... नव्हतं.

‘आपणच चुकून उडवलं असेल,’ असं म्हणून तिने ते पुन्हा काढलं. या वेळी चुकून पुसलं जाऊ नये म्हणून लॉकसुद्धा केलं. तेवढ्यात काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, फोन आला. तिने त्यांना सांगितलं, तर ते हसायलाच लागले. “तुझ्या कॉम्प्युटरला म्हातारचळ लागलाय. नवा घे आता!”

तीही हसली. फोन ठेवला.

आणि मागून आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

कागदावर खोडरबर घासावं तसा.

मावशीने वळून पाहिलं. कुणी नाही. आवाज थांबला होता.

तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. डाव्या पानाचं टोक पुसट झालं होतं. व्हेक्टरमध्ये रेघ असते किंवा नसते. ती अशी अर्धवट खोडली जात नाही.

ही खोडली गेली होती.

ती कशीबशी उठून पेन्सिलच्या टेबलाजवळ गेली. सकाळीच तिने ते पुसलं होतं.

टेबलावर खोडरबराचा चुरा पडला होता.

काळपट, मऊ... ताजा.

दुसरं कुणी असतं तर जिना उतरून पळालं असतं. मावशी मात्र त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि रडली. “अगं, मलाही तुझी आठवण येते गं,” ती म्हणाली. तिला वाटलं, मैत्रीण आली आहे. आपलं लक्ष वेधून घेते आहे.

खोलीत काहीच हाललं नाही.

तिने डावं पान तिसऱ्यांदा काढलं, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि तशीच पाटीवाल्याकडे गेली. त्याने फाइल उघडली.

एकच पान.

मावशी काही बोलणार, तोच तो म्हणाला, “हां, हेच ना? पण ही पाटी तर मी केव्हाच करून ठेवलीय!”

“कुठली पाटी?”

त्याने आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पाटी आणली. एक देठ, एक पान. खाली पेन्सिलचं एकटीचं नाव.

“त्या आजारी पडायच्या आधी ऑर्डर देऊन गेल्या होत्या,” तो म्हणाला. “पुढच्या चौकात गाळा बघितला होता त्यांनी. तुमची बरीचशी गिऱ्हाइकं तिकडे येणार म्हणाल्या. ‘ताईला इतक्यात सांगू नका, मी सांगेन,’ असं म्हणाल्या होत्या...” मावशीचा चेहरा बघून तो थांबला. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

मावशीने नकारार्थी मान हलवली.

परत येताना तिला रस्ता दिसत नव्हता. जिच्यासाठी ती वर्षभर रडली, तिने केसाने गळा कापला होता. आणि मेल्यावरही आपल्याला खोडायला आली होती! भीती कुठल्या कुठे गेली. उरला तो संताप.

तिने स्टुडिओचं दार उघडलं आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून ओरडली.

“तोंडावर सांगायचं होतंस ना! मी अडवलं असतं का तुला? माझ्या हातून घास घेताना तरी सांगायचं होतंस!”



मग... खर्र... खर्र...

या वेळी आवाज घाईघाईचा होता. कुणीतरी जीव तोडून घासत असल्यासारखा. मावशी कानांवर हात ठेवून उभी राहिली.

आवाज थांबल्यावर तिने स्क्रीन पाहिली.

उजवं पान नव्हतं. देठही नव्हता. मागे ठेवलेला जुन्या कागदाचा स्कॅनसुद्धा कोरा झाला होता.

त्यानंतर आवाज कधीच आला नाही.

मावशीने ती जागा सोडली. आता ती घरूनच काम करते. तिच्या पाटीवर नुसती अक्षरं आहेत, चित्र नाही.

मी तिला विचारलं होतं, “मावशी, ते शेवटचं खोडणं म्हणजे माफी होती, की राग?”

तिने आपला हात उघडून बघितला.

“मला तिच्या भुताची भीती नाही वाटत गं,” ती म्हणाली. “पण जाताना तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की नर्सने बोटं एकेक करून सोडवली. ती मला काही सांगणार होती... की मला सोबत नेणार होती, एवढंच मला अजून कळत नाही.”