तिसऱ्या खुर्चीचा डबा

“उठ! आधी उठ त्या खुर्चीवरून!”

ड्रमवाले काका इतक्या जोरात ओरडले की बटण खुर्चीसकट मागे कोसळला.

बँडचा हॉल एरवी रिकामाच होता. सुट्टीत मामाकडे आलेल्या तिघांना, म्हणजे चिमटी, तिचा धाकटा भाऊ बटण आणि मावसभाऊ खोडरबर यांना, मामाने आज खोकी पुसायला जुंपलं होतं. मामा बँडचं सामान सांभाळायचा. खोकी पुसण्यापेक्षा खुर्चीवर बसणं बरं, असं बटणला वाटलं. त्यात त्याचं काय चुकलं?

“काय आहे या खुर्चीत?” चिमटीने विचारलं. तिला हे नाव का पडलं ते तिच्याशी भांडलेल्या कुणालाही विचारा, तो बाही वर करून दाखवेल.

काकांनी आवाज खाली आणला. “सॅक्सोफोनच्या रांगेतली तिसरी खुर्ची आहे ही. आधी इथे रंगारी बसायचा. खोकून खोकून बिचारा बँड सोडून गेला. मग पोस्टमन आला, त्याचंही तेच. आता आमचा टेलर! चांगला धडधाकट माणूस, आज दवाखान्यात नळीने श्वास घेतोय.”

“आणि आता इथे कोण बसणार?”

काकांनी सामानाच्या खोलीकडे पाहिलं. आत मामा काहीतरी गुणगुणत होता.

“तुमची ताई,” ते म्हणाले.

ताई म्हणजे मामाची एकुलती एक लेक. कार्यक्रमात वाजवायला मिळणार म्हणून ती हवेत तरंगत होती, आणि ही खुर्ची तिची वाट बघत होती!

“खुर्चीमुळे कुणी आजारी पडत नाही,” खोडरबर म्हणाला. कुणी काहीही छातीठोकपणे सांगितलं की तो ते खोडून काढायचा.

पण पहिल्या तालमीनंतर संध्याकाळी ताईला कसकसलं. छाती आवळल्यासारखी झाली आणि कोरडा खोकला सुरू झाला. सकाळी ती ठणठणीत! पुढच्या तालमीनंतर पुन्हा ताप, पुन्हा खोकला.

“हवा बदलली की होतं असं,” मामी म्हणाली.

“नवीन माणसाची छाती भरतेच,” बँडमास्तर म्हणाले. “सवय होईल.”

“टेलरकाकांना झाली का सवय?” बटणने विचारलं. त्याला हॉलबाहेर जायला सांगण्यात आलं.

मग तिघांनी तपास हाती घेतला. तालमीआधी त्यांनी गुपचूप खुर्च्यांची अदलाबदल केली. तिसऱ्या जागी ड्रमवाल्यांची खुर्ची, आणि ड्रमवाल्यांना तिसरी! काका त्या खुर्चीवर मजेत बसून ड्रम बडवत राहिले आणि रात्री दोन ताटं जेवले. ताई मात्र खोकत घरी आली.

“बघ! खुर्ची निर्दोष सुटली,” खोडरबर म्हणाला.

दुसरा धागा आपोआप हाती लागला. मामा एक दिवस परगावी गेला आणि सामानाच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात राहिली. पहिल्या खुर्चीवरच्या आजोबांनी ताईला आपलं जास्तीचं माउथपीस दिलं. तोंडात धरून फुंकायचा सॅक्सोफोनचा तुकडा, तो. त्या संध्याकाळी ताई एकदाही खोकली नाही!

“म्हणजे जे काही आहे ते कपाटात आहे,” चिमटी म्हणाली. ते कपाट तर मामाचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मामाला कपाट दाखवायला सांगितलं. मामाची कळी खुलली. त्याच्या कपाटात आजवर कुणी रस दाखवला नव्हता. स्क्रू एका बरणीत, गळ्यात अडकवायचे पट्टे खुंटीला, आणि मधोमध चकचकीत बिस्किटांचा डबा. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली.

“इतर वादक आपापलं माउथपीस घरी नेतात,” मामा म्हणाला. “तिसरा सॅक्सोफोन बँडच्या मालकीचा, म्हणून त्याचं सगळं बारीकसारीक सामान माझ्याकडे. तालीम संपली की लगेच डब्यात! ही रीड बघ, बोरूची पातळ पट्टी. कोरडी पडली की चिरते. म्हणून आत ओला स्पंज ठेवतो आणि हवा अजिबात शिरू देत नाही.”

“धुतोस का रे हे?” खोडरबरने विचारलं.

“धुवायचं कशाला? रोज फडक्याने पुसतो!”

डबा उघडताच ओल्या तळघरासारखा कुबट वास आला. चिमटीने स्पंज उचलला. खाली हिरवट काळी लव पसरली होती. खोडरबरने माउथपीसमध्ये टॉर्च मारला. आतल्या भिंतीलाही तीच लव!

“मामा! हेच ताईच्या छातीत जातंय!”

मामाचा चेहरा पडला, मग लाल झाला. “जरा बुरशी धरली तर एवढा गहजब? बँडमध्ये माझ्या डब्याइतकी स्वच्छ वस्तू दाखव मला!” त्याने फडकं घेऊन सगळं पुसलं, स्पंज पुन्हा ओला केला आणि डबा बंद केला.

बँडमास्तरांनी तर ऐकूनच घेतलं नाही. “कार्यक्रम तोंडावर आलाय. पुन्हा हॉलमध्ये दिसलात तर याद राखा!”

आणि ताई? “माझी पहिलीच संधी आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “प्लीज, कुणाला काही सांगू नका.” आता तिला जिना चढतानाही मध्येच थांबावं लागत होतं. चिमटीला रडूच फुटलं. आपली ताई अशी डोळ्यांदेखत विझत चालली आहे आणि मोठी माणसं कार्यक्रमाच्या गप्पा मारताहेत, याचा तिला भयंकर राग आला.

“पुरावा हवा,” खोडरबर म्हणाला.

त्याने उकडलेल्या बटाट्याच्या फोडी दोन बरण्यांत ठेवल्या. मामाची नजर चुकवून पुसलेल्या माउथपीसमधून कापूस फिरवून एका फोडीवर चोळला. दुसऱ्या फोडीवर कोरा कापूस. बरण्या पलंगाखाली गेल्या. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी त्या बाहेर काढल्या तेव्हा एक फोड पांढरी होती. दुसरीवर हिरवट काळी लव दाटली होती.

“पुसूनसुद्धा!” बटण कुजबुजला.

तेवढ्यात मामाने हाक मारली. “बटण, हा डबा स्टेजवर नेऊन ठेव बरं!”

बटणने डबा घेतला आणि स्टेजच्या उलट दिशेला धूम ठोकली! खोडरबर लव धरलेली बरणी घेऊन त्याच्या मागे.

कार्यक्रमाची वेळ झाली. लोक जमले. ताई तिसऱ्या खुर्चीवर बसली होती, ओठ फिकट पडलेले.

“डबा कुठाय?” बँडमास्तर गरजले. “माउथपीस कुठाय?”

“दवाखान्यात,” चिमटी म्हणाली. “टेलरकाकांच्या उशाशी.”

“काय?”

“आणि तिथेच बरं आहे ते!” दारातून आवाज आला. टेलरकाकांच्या डॉक्टरीणबाई आत येत होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात बरणी, मागे धापा टाकणारा बटण आणि खोडरबर. त्या तडक ताईकडे गेल्या आणि तिच्या छातीला तपासायची नळी लावली.

“ही मुलगी आज वाजवणार नाही,” त्या म्हणाल्या. “फुंकताना मध्ये श्वास ओढला की या बुरशीची धूळ थेट फुप्फुसात जाते. टेलरच्या आजाराचं मूळ मला सापडत नव्हतं. ते या मुलांनी बटाट्यावर उगवून दाखवलं!”

“पण ही बरी होईल ना?” मामाने विचारलं.

“होईल. वेळेवर कळलं म्हणून. आणखी काही तालमी झाल्या असत्या, तर मी तसं म्हटलं नसतं.”

“मीच दिलं सगळ्यांना,” मामा म्हणाला. “रोज, माझ्या हाताने.”

बँडमास्तरांनी सगळ्या लोकांसमोर तिघांना जवळ घेतलं. “मी यांना हाकलून दिलं होतं,” ते म्हणाले. “चूक माझी. यापुढे धुतल्या-वाळवल्याशिवाय एकही माउथपीस कपाटात जाणार नाही. प्रत्येकाला वेगळा, हवा खेळेल असा कप्पा. आणि ते कप्पे ही मुलं लावतील!”

रंगारी आणि पोस्टमन यांनाही तपासायला बोलावणं धाडलं. टेलरकाकांना आता नेमकं औषध मिळालं. ते उशीला टेकून बसू लागले तेव्हा मामा तिघांना घेऊन भेटायला गेला. तो दारातच थांबला.

“आत ये,” टेलरकाका म्हणाले. “तू काय मुद्दाम केलंस?” मग त्यांनी मुलांकडे पाहिलं. “शाब्बास रे पोरांनो! मी तर आशा सोडली होती.”

ते शेजारी बसलेल्या आपल्या बायकोकडे, काकूंकडे वळले. “शिलाई मशीन विकून टाक म्हटलं होतं तुला. विकलंस?”

“उद्या येणार आहे माणूस न्यायला.”

“त्याला नाही म्हणून कळव,” टेलरकाका म्हणाले, आणि काकूंनी तोंडाला पदर लावला.