खंडेनवमीच्या दुपारी चाललेला रन

आश्विन शुद्ध नवमी, बुधवार, दिनांक १ ऑक्टोबर २०२५. स्थळ : बेळगाव, उद्यमबागेतील एक ओतकारखाना. कारखान्याचे नाव देत नाही. कोणी विचारू नये.

पुढे लिहिलेले सारे घडले आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही तो आहे असे मी कोणाच्या दडपणाखाली म्हणणार नाही. परंतु स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या गोष्टीला अविश्वास हे उत्तर होत नाही.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

त्या कारखान्यात मी खरेदी विभाग पाहतो. माझा भाचा निशांत तिथेच संगणकाचे काम करतो. पुण्याची नोकरी सोडून तो परत आला, कारण माझी बहीण वसुधा पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आणि तिला उचलून बसवणारे घरात दुसरे कोणी नव्हते.

पण इथली नोकरीच धोक्यात होती.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज संध्याकाळी मटेरियल प्लॅनिंगचा रन सुरू होतो. हातातल्या ऑर्डरी, गोदामातला माल आणि प्रत्येक नगाला लागणारे सामान यांचा मेळ घालून, उद्या काय ओतायचे आणि काय विकत घ्यायचे, हे तो ठरवतो. सकाळची पाळी सुरू झाली तरी हा रन संपत नसे. मग कामगार शिळ्या नियोजनावर साचे भरीत. नको तो माल तयार होई. हवा तो राहून जाई.

मालक हरिभाऊंनी निर्वाणीचे सांगितले होते. दसऱ्यापर्यंत रन वेगवान झाला नाही, तर काम पुण्याच्या एका कंपनीकडे जाईल आणि निशांतची गरज उरणार नाही.

म्हणजे त्याला पुन्हा पुणे. आणि वसुधा एकटी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. भट्टीला झेंडूची माळ, मोल्डिंग मशीनला हळदकुंकू. ऑफिसातल्या सर्व्हरलाही. त्यानंतर दसऱ्यापर्यंत यंत्राला कोणी हात लावत नाही. प्रसाद घेऊन सारे घरी गेले.

निशांत थांबला. सिस्टीमवर कोणी नसताना पूर्ण रन तपासण्याची ती एकच संधी होती. मीही थांबलो.

दारावर परशराम होता, कडोलीचा, जुना माणूस.

"साहेब, आज हत्याराला हात लावत न्हाईत."

"परशरामआप्पा, कीबोर्ड कधीपासून हत्यार झालं?" निशांत हसला.

"मग त्येला कुक्कू कशाला लावलंसा?"

वादात मी सहसा हरत नाही. त्या वेळी मात्र मी वाद सोडून निशांतमागे वरच्या ऑफिसाचा जिना चढलो.

निशांतचा उपाय सुबोध होता. जुना रन रोज प्रत्येक नग तपासत असे, वर्षानुवर्षे न बनलेलेसुद्धा. नव्या मांडणीत ज्या नगाच्या ऑर्डरीत किंवा साठ्यात बदल झाला असेल, तेवढेच तपासले जाणार होते.

रन सुरू झाला. आकडे भराभर पुढे सरकले.

आणि थांबले...

एकाच नगावर. उसाच्या चरकाचे दातेरी चाक. मी नोकरीला लागण्याआधीच हे चाक बंद झाले होते. ज्या लाकडी नमुन्याभोवती वाळू ठासून त्याचा साचा करीत, तो नमुनाही केव्हाच जळून गेला होता.

तरीही पडद्यावर होते : मागणी एक. आज बदललेली.

"कोणी बदलली?" मी विचारले.

"कोणीच नाही मामा. आत फक्त मीच आहे की."

सिस्टीम त्या चाकासाठी तारीख शोधत होती. नमुना नसल्यामुळे ती सापडत नव्हती. शोध पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच.

"रोजची रात्र इथंच जाते मामा. सगळा वेळ हे एकटंच गिळतंय."

तेवढ्यात खालून आवाज आला...

ठप्. ठप्. ठप्.

साच्यात वाळू ठासण्याचा आवाज. ओतकारखान्यात उमर गेलेल्या माणसाला तो ओळखायला शिकवावे लागत नाही.

खाली जिथे साचे भरतात, त्या शॉपचे शटर बाहेरून कुलूपबंद होते. आत माणूस नव्हता.

वाचक म्हणतील, शेजारच्या कारखान्यातला असेल. मीही तेच म्हणालो. खंडेनवमीला शेजारही बंद असतो, याची आठवण मला निशांतने करून दिली.

त्याने ती मागणी पुसली.

आवाज थांबला.

रन पुढे सरकला... आणि परत त्याच चाकापाशी आला. मागणी एक.

ठप् ठप् ठप्. आता घाईने.

निशांतचा चेहरा उतरला होता. पण दसरा उद्यावर आला होता. त्याने तो नगच सिस्टीममधून काढून टाकला. मी त्याला अडवले नाही.

रन संपला. पुढ्यातला चहा निवायच्या आत.

त्यानंतर जे पसरले त्याला शांतता म्हणणे भाषेशी प्रतारणा ठरेल. सर्व्हरचा पंखा फिरताना दिसत होता. त्याची घरघर येत नव्हती. रस्त्यावरून बस गेली. तिचाही आवाज नाही. निशांतचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आले नाही.

मग जळक्या वाळूचा वास आला...

आम्ही खाली धावलो. परशरामने कुलूप काढून शटर वर ढकलले. त्याच्या खडखडाटासरशी माझे कान परत आले.

आत कोणी नव्हते. भट्टी थंड होती. तिच्यावरची झेंडूची माळ ताजी होती.

मधोमध एक साचा भरून ठेवलेला होता.

मी हात लावला.

गरम होता.

हरिभाऊ फोन मिळताच आले. साचा त्यांनी स्वतः उघडला. आत धातूचा थेंब नव्हता. वाळूत फक्त दातेरी चाक उमटले होते. दाता न् दाता रेखीव.

"ह्यो रवळूचा हात हाय. ह्या चाकाचा साचा त्योच भरायचा, मरंपर्यंत," परशराम पुटपुटला.

"कोण रवळू?" मी विचारले.

"गप रं परशा." हरिभाऊ निशांतकडे वळले. "काय काढलास तू?"

निशांतने सांगितले.

"परत घाल."

चाक परत घातले तर रन पुन्हा सकाळपर्यंत रेंगाळणार, असा वाद मी घातला. शेवटी तोडही मीच सुचवली. निशांतने ते चाक मुख्य रनमधून बाहेर काढले आणि त्याच्यापुरता एक स्वतंत्र रन लावला. मुख्य रन आता पाळीच्या कितीतरी आधी संपतो. नोकरी वाचली. वसुधाला मी माझ्या हाताने दुधाचा कुंदा भरवला.

चाकाचा रन मात्र संपत नाही. सकाळी तो थांबवावा लागतो. संध्याकाळी निशांत तो पुन्हा सुरू करतो.

तुळशीच्या लग्नानंतर निशांत मित्राच्या लग्नाला निपाणीला गेला. त्या संध्याकाळी त्याच्या खुर्चीत मी बसलो. त्याने सांगितले होते तसेच केले. बटण तेच दाबले.

पडद्यावर काहीच हलले नाही...

खाली पाळी चालू होती. यंत्रांचा गोंगाट होता. त्या गोंगाटाच्या तळातून आले...

ठप्.

कामगारांनी एकेक मशीन बंद केले. कोणी कोणाला सांगितले नव्हते. सगळे हात थांबले, तरी तो आवाज चालूच राहिला.

माझा फोन जाताच निशांत मांडवातून उठून मोटरसायकलने आला. फेट्यासकट. त्याने तेच बटण दाबले.

रन सुरू झाला. आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी मी हरिभाऊंपुढे माझे सारे मुद्दे मांडले. दुसरा माणूस नेमा. सर्व्हर बदला. पूजा घाला, शांत करा, काहीही करा; पण या पोराला मोकळा करा. निशांत दाराशी उभा होता.

हरिभाऊंनी सगळे ऐकून घेतले. निशांतकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

"दुसऱ्याचा हात त्यो घेत न्हाय," ते म्हणाले. "ह्यो पोरगा आता हितनं कुठं जायचा न्हाय."