बर्फवाल्यासाठी एक मत

जिन्याच्या वळणावर मी त्याला धडकले आणि त्याच्या हातातल्या खोक्यातून एक पाय खाली पडला. पत्र्याचा, वीतभर लांब.

"उतरायच्या आधीच मोडलं," तो म्हणाला आणि चक्क हसला.

खोक्यात एका यानाचं मॉडेल होतं. मी पाय उचलून दिला, बोटांना बोटं लागली... आणि मी हात झटकन मागे घेतला. मॉडेल बघताच मी ओळखलं होतं, हा बर्फवाला.

येत्या दहा वर्षांत देशाने अवकाशात आधी काय करायचं आणि काय करायचंच नाही, याची यादी करायला सरकारने आम्हा नऊ जणांची समिती नेमली होती. हवामानशास्त्रातली मी, त्यात सगळ्यांत धाकटी. दूरच्या एका बर्फाळ चंद्रावर यान उतरवायचं, असा याचा प्रस्ताव होता, म्हणून समितीत सगळे त्याला बर्फवालाच म्हणायचे. त्याचा चेहरा बघण्याआधीच मला तो प्रस्ताव आवडला होता. हे मी पुढे स्वतःला किती वेळा बजावलं, काही विचारू नका.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की मी समितीत आहे. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे आता आपण बोलायचं नाही?"

"प्रकल्पाबद्दल नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं... चालत असावं."

बाकीचं फारच निघालं. प्रस्तावावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला तोही यायचा, आणि बैठका संपल्या की आमचा बसथांबा एकच होता. पाऊस तिरका यायचा, आडोसा अपुरा, आणि आम्ही मुद्दाम दोन टोकांना उभे राहून त्याची आगाऊ मांजर, माझे टोचणारे बूट असल्या विषयांवर बोलायचो. बस आली की दोघांनाही ती भरलेलीच दिसायची. कुणी सदस्य समोरून गेला तर मी घाबरून उगाच आभाळाकडे बघायचे. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "या यादीत नाही आलं ना, तर माझं सगळं तारुण्य—" मी म्हटलं, "प्रकल्प." तो गप्प झाला. त्याचं राहिलेलं वाक्य मात्र मला घरी जाऊनही ऐकू येत राहिलं.

मी मावशीकडे राहायचे. कोण आहे म्हणून तिने विचारलं, तर मी म्हटलं, कुणी नाही.

"मग त्या कुणी नाहीसाठी दुसरी छत्री कशाला नेतेस गं?"

मला हसूही आलं नाही. कारण आमच्याकडे एक नियम होता. प्रत्येक प्रस्तावावर मत घेण्याआधी अध्यक्षबाई विचारायच्या, कुणाचा काही संबंध? असेल त्याने बाहेर जायचं, त्याचं मत धरायचं नाही. आणि चर्चेवरून एव्हाना स्पष्ट झालं होतं, की चार जण बर्फाच्या बाजूने आहेत आणि चार विरुद्ध. मी बाहेर गेले तर बरोबरी. बरोबरी झाली की त्या जागी स्वस्त प्रकल्प यादीत जायचा, आणि बर्फ महाग होतं. त्यामुळे मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. माझ्या मनात काय आहे ते त्याला तरी कुठे माहीत होतं?

मतदानाचा दिवस आला. बाईंनी नेहमीसारखं मान खाली घालूनच विचारलं, "कुणाचा काही संबंध?" आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"माझा आहे."

बाईंनी चष्मा काढला. "कसला? नात्यातले? जुने सहकारी?"

"अजून काहीच नाही. म्हणजे... माझ्याकडून आहे. त्यांना माहीत नाही."

कुणीतरी खोकलं. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"मग बाहेर थांबा," बाई मऊपणे म्हणाल्या.

बाहेर बाकावर तो मांडीवर खोकं घेऊन बसला होता. मला बघून ताडकन उठला. झालं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, मला बाहेर बसवलंय, माझा संबंध आहे म्हणून.

"कुणाशी?"

"या बाकावर दुसरं कोण बसलं होतं?"

तो मटकन खाली बसला. आतल्यापेक्षा मला इथेच जास्त भीती वाटत होती. "माझं मत तुम्हालाच होतं," मी म्हटलं. "ते गेलं. माझ्यामुळे गेलं."

त्याने खोकं मांडीवर नीट ठेवलं. मग म्हणाला, "मतदान झालं की तुम्हाला विचारणार होतो. आधी विचारलं तर वाटेल, मतासाठी गोड बोलतोय... रोज बस सोडायचो आणि रोज घाबरायचो."

तेवढ्यात दार उघडलं. बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं, बरोबरी झाली, पुढच्या यादीच्या वेळी जरूर या. त्याने मान हलवली. खोक्यावरची त्याची बोटं पांढरी पडली होती. बाई गेल्या आणि मला रडू आवरेना. त्याचेही डोळे भरले होते. त्याने खोकं बाकावर ठेवलं आणि माझा हात हातात घेतला.

"दहा वर्षांनी मी पुन्हा येणार," तो म्हणाला.

"तेव्हा मी समितीत असले ना, तर माझं मत—"

"तुला मत नसेल."

"का?"

"नवऱ्याच्या प्रस्तावावर बायकोला मत देता येत नाही. बाईंना विचार हवं तर."

मी विचारायला गेले नाही. नियम मला पाठ होता.