चार तासांची चाचणी

त्याने निवडलेला डबा मी त्याच्या हातातून काढून घेतला, तेव्हा आमची साधी ओळखही नव्हती.

मामाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दुरुस्ती आणि विक्री दोन्ही मीच बघते. त्या महिन्यात वीज दिवसाआड चार-चार तास जायची, त्यामुळे उचलून नेता येणारं सोलर पॉवर स्टेशन बघायला रोज कुणी ना कुणी यायचं. हा आला आणि सगळ्यात लहान, सुबक दिसणारं उचलून थेट काउंटरकडे निघाला. घरी काय चालवायचंय, मी विचारलं. आत्याचं ऑक्सिजनचं मशीन, तो म्हणाला.

"मग हे नाही चालणार."

मामाने डोळे वटारले. मी हटले नाही. खोक्यावर ठळक छापलेले वॉट म्हणजे हा डबा केवढं यंत्र ओढू शकतो ते. किती वेळ ओढेल, ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतल्या वॉट-तासांवरून कळतं. त्याने मागची बाजू वाचली... मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. सव्वा तासात हा डबा संपला असता, आणि आत्याचा श्वास त्यावर असता.

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन त्याच्या घरी गेले. तो व्हायोलिन दुरुस्त करायचा. बाहेरच्या खोलीला लाकडाचा आणि वॉर्निशचा वास होता. मशीन तीनशे दहा वॉट घेत होतं. चार तासांचा हिशोब, डब्यातच वाया जाणारी वीज, वर पुरेशी शिल्लक, म्हणजे दोन हजार वॉट-तासांचं हवं. बाल्कनीत ऊन जेमतेम तीन तास, तेव्हा पॅनेल मदतीला आणि मुख्य चार्जिंग भिंतीवरच्या सॉकेटमधून, असं मी ठरवून दिलं. आत्याने नाकातली नळी सारखी करत विचारलं, गिऱ्हाइकाच्या हातातल्या वस्तू मी नेहमीच अशा हिसकावते का. म्हणजे त्याने घरी सगळं सांगितलं होतं.

मोठं स्टेशन मागवलं. ते यायला आठवडा होता, आणि तेवढ्या वेळात तो तीनदा दुकानात आला. एकदा वायरची लांबी विचारायला, एकदा वॉरंटी. तिसऱ्यांदा जे विचारलं, ते माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होतं.

"या व्हायोलिनवाल्याला वाचता येत नाही का गं?" मामाने विचारलं.

येत होतं. मलाही येत होतं.

रविवारी सकाळी आम्ही ते बावीस किलोचं धूड तिसऱ्या मजल्यावर चढवलं. एक कडी त्याच्या हातात, दुसरी माझ्या. प्रत्येक वळणावर तो थांबायचा आणि दमलोय म्हणायचा. दमलेला मुळीच दिसत नव्हता. मशीन जोडलं, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर हाताशी ठेवला आणि मी घराचा मेन स्विच बंद केला. नुसत्या हिशोबावर मी कुणाचा श्वास सोपवत नाही. चार तास बसून बघायचं, हे मी आधीच बजावलं होतं.

आत्या आतल्या खोलीत डोळे मिटून पडली होती. पहिला तासभर आम्ही बाहेर स्टेशनच्या पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत होतो. नंतर बघायचं राहूनच गेलं. आईवडिलांनंतर आत्यानेच त्याला वाढवलं, हे त्याने सांगितलं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडल्याचं मी सांगितलं, जे मी कुणाला सांगत नाही.

चार तास झाले. एकोणतीस टक्के शिल्लक. मी मेन स्विचकडे निघाले, तर तो वाटेत उभा.

"अजून किती चालेल?"

"दीड तास."

"मग राहू दे ना बंद. मला जे बोलायचंय... त्याला वेळ लागेल."

"एका वाक्यात होईल," मी म्हटलं. "बोला."

त्याने श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता."

"तूही मला आवडतोस," मी म्हटलं. "आणि अहो-जाहो आता पुरे."

तो हसला, माझा हात हातात घेतला — आणि सोडायचं विसरला.

"झालं ना एकदाचं?" आतून आत्याचा आवाज आला. "मग स्विच चालू करा आणि पंखा लावा. चार तास झोपेचं सोंग घेऊन उकडून निघालेय मी."